पोरं टिकत नाहीत, मशीन घेऊ का? हॉटेलवाल्यांचे, वेटरचे आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न

मंडळी, या महिन्यात हॉटेल धंद्यावरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलावे लागले. मालक विचारतायत माणसं कुठून आणू, वेटर विचारतायत आमचं काय होणार, आणि गिऱ्हाईक विचारतंय की मेनू कार्ड कुठे गेलं. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती. माझी बाजू आधीच सांगून टाकते. मशीनला माझा अजिबात विरोध नाही, पण मशीनमुळे जो पैसा आणि जो वेळ वाचतो त्यातला काही भाग कामगाराच्या पदरात पडला नाही तर माणसांचा तुटवडा आहे तसाच राहतो, हे नाशकातल्या किती तरी हॉटेलांत मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. पंचवटीत आमचं मिसळीचं हॉटेल आहे, वडिलांपासून चालत आलेलं. शनिवार-रविवारी सकाळी बसायला जागा नसते पण पोरंच टिकत नाहीत. पेठ-सुरगाण्याची मुलं भाताच्या आवणीला गावी जातात, द्राक्षाचा सीझन लागला की बागेवर जातात, उत्तरेकडची मुलं दिवाळीला गेली की छट करूनच येतात नाहीतर येतच नाहीत. उचल देऊन बघितली, उचल घेऊन गेले. एक सॉफ्टवेअरवाला सारखा येतो, मोबाईलवर ऑर्डर घ्या म्हणतो. त्यानं खरंच माणूस कमी लागेल का?

दादा, सॉफ्टवेअरवाल्याला हो म्हणायच्या आधी एका रविवारी गल्ला सोडा आणि हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून फक्त बघा, की वेटर टेबलापासून आत आणि आतून टेबलाकडे कशासाठी चालतोय. मिसळीच्या हॉटेलात ऑर्डर घ्यायला तो एकदाच जातो. बाकीच्या खेपा पाण्याच्या, पावाच्या, दह्याच्या, कांदा-लिंबाच्या, आणि सगळ्यात जास्त खेपा "भाऊ जरा रस्सा आण" याच्या असतात, आपल्याकडे रस्सा मागेल तितका द्यायची पद्धत आहे आणि ती बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. पण तो रस्सा वेटरनेच आणला पाहिजे असं कुठे आहे? प्रत्येक टेबलावर झाकणाचं छोटं पातेलं ठेवा, नाहीतर हॉलमध्येच एक बेन मेरी (खालच्या गरम पाण्यावर अन्न गरम ठेवणारं काउंटर) लावून तिखट आणि मध्यम असे दोन रस्से गरम ठेवा, ज्याला पाहिजे तो उठून घेईल. पाण्याचा जग आणि कांदा-लिंबाची वाटी आधीपासून टेबलावर. एवढ्यानेच निम्म्याच्या आसपास चालणं कमी झालेलं तुम्हाला दिसेल आणि याला सॉफ्टवेअर लागत नाही.

मग मोरीकडे बघा. एका मिसळीमागे मटकीची वाटी, रश्श्याची वाटी, दह्याची वाटी, पापडाची ताटली, पावाची ताटली, चमचा, ग्लास एवढं सगळं धुवायला जातं, आणि माझ्या मते हॉटेलातून पोरं पळतात ती सगळ्यात आधी या मोरीवरून, दिवसभर पाण्यात हात आणि पगार सगळ्यात कमी. खणांची स्टीलची ताटं घेतली तर तीन-चार नग थेट कमी होतात. भांडी धुवायचं मशीन घ्यायचं झालं तर हुड टाइपचं, वरून झाकण खाली ओढायचं येतं ते बघा, पण आधी पाणी तपासून घ्या, बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार बसतात आणि मशीन दुरुस्तीलाच उभं राहतं, म्हणजे सॉफ्टनरचा खर्च त्यातच धरायचा.

हे सगळं झाल्यावर ऑर्डरचं सॉफ्टवेअर जरूर घ्या, ते चांगलंच आहे. टेबलावर टाइप केलेली ऑर्डर आत किचनमध्ये थेट केओटी म्हणून, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी म्हणून, छापून निघते, ओरडाओरडी थांबते, बिलात ५ टक्के जीएसटी बरोबर लागतो आणि रात्री किती प्लेट गेल्या हे कळतं. पण विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. नेट गेल्यावर बिल निघतं का, केओटी मराठीत छापता येते का (आतल्या वस्तादाला, म्हणजे आचाऱ्याला, इंग्रजी वाचता येत नसेल तर ते सगळं तिथेच अडकतं), आणि उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तर तुमचा डेटा तुम्हाला मिळणार का. पेमेंटसाठी भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआरपेक्षा बिलावर रकमेसकट छापलेला क्यूआर घ्या, म्हणजे कोणाचे पैसे आले कोणाचे नाही हे बघायला एक माणूस अडकून पडत नाही, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे पण बंद होतात.

बंगळुरूत १९८० च्या दशकात दर्शिनी सुरू झाल्या, पैसे भरा, कुपन घ्या, काउंटरवरून ताट उचला आणि उभ्याने खा. तिथे वेटर हा विषयच काढून टाकला आणि त्यामुळे इडली-डोसा स्वस्तात देता आला. आपल्याकडे मिसळ खायला अख्खं घर येतं, आजी-आजोबांसकट, तासभर बसतं, त्यामुळे उभ्याने खाणं नाशकात चालेल असं मला वाटत नाही, पण रविवारपुरतं कुपन आणि काउंटर, बाकी दिवस टेबलावर सर्व्हिस, हे करून बघण्यासारखं आहे. आणि त्या गर्दीच्या दोन-तीन तासांत ॲपवरच्या ऑनलाइन ऑर्डर बंद ठेवा, तशी सोय त्यांच्या ॲपमध्ये असते, समोर बसलेला माणूस ताटकळतोय आणि आपण पार्सल बांधतोय हे बरं दिसत नाही.

आता पोरांचं. दादा, तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय की कोण कधी जातं. आवणी, दिवाळी, छट, होळी, द्राक्षाची तोडणी, हे दरवर्षी त्याच सुमारास येतं, मग ते अचानक आलं असं धरून का चालायचं? वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावा, कोण कधी जाणार आणि कधी परत येणार, आणि परत आल्यावर बोनसचा अर्धा भाग. उचलीनं माणूस बांधला जात नाही, उलट फेडायची भीती वाटली की तो तोंड लपवतो. राहायला पंखा आणि नळ असलेली नीट खोली, आठवड्याला एक सुट्टी, आणि पगाराची तारीख पक्की, या तीन गोष्टी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे माणसं टिकतात. शिवाय तुमचा धंदा सकाळचा आहे, सात ते अकरा. पंचवटीतच मुलं शाळेत गेल्यावर चार तास काम करायला तयार असणाऱ्या बायका भरपूर आहेत, त्यांना पूर्ण दिवसाची नोकरी नकोच असते. तासावर पैसे द्या, वेगळी स्वच्छ बाथरूम द्या. आणि एक, गावाकडून कोणी चौदाच्या आतलं पोरगं "ठेवा कामाला" म्हणून आणलं तर स्पष्ट नाही म्हणा, हॉटेल आणि ढाब्यांवर लहान मुलांना कामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे, नाशिकरोडला राहते. सुनेनं वाढदिवसाला गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात नेलं. मेनू कार्ड नाहीच, मोबाईलवर स्कॅन करा म्हणे. मला ती बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी काहीच मागवलं नाही, मुलांनी मागवलं ते खाल्लं. वर बिलाच्या वेळी मोबाईल नंबर मागितला. द्यायलाच लागतो का?

आजी, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, वाढदिवस तुमचा आणि आवडीचं मागवता आलं नाही हे बरोबर नाहीच. नंबर द्यायची अजिबात सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका. हसून "नंबर देत नाही, कागदाचं बिल द्या" म्हणायचं. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर तोही काढायला सांगा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्या विरोधात आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. कोणी ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि हे वाचणाऱ्या मालकांना हात जोडून सांगते, स्कॅनचा मेनू ठेवा, रोजचे भाव बदलायला सोपा पडतो हे मान्य, पण मोठ्या अक्षरातली मराठी छापील कार्डं चार तरी काउंटरला ठेवा आणि केस पिकलेलं माणूस टेबलावर दिसलं की न मागता नेऊन द्या. याला शंभर-दोनशे रुपये लागतात. मेनू स्कॅन करायला लावून तुम्ही वेटरचं काम गिऱ्हाइकाला दिलंय, निदान ज्याला ते जमत नाही त्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहायला तरी वाचलेला वेळ वापरा.

प्रश्न : कॉलेज रोडच्या मागे माझी मेस आहे, मुलं-मुली मिळून साठेक डबे आणि जेवणारे. पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशींपैकी एकीचा खांदा गेला, डॉक्टरनी लाटायला मनाई केली. दुसरी मावशी मिळत नाहीये. चपाती मशीन घ्यावं का? मुलं नाराज होतील अशी भीती वाटते.

ताई, भीती खरी आहे. मशीनमध्ये गोळा दाबून जी निघते ती फुलक्याच्या जातीची, घडीची पोळी मशीन करत नाही. तेल लावून घडी घालायची, त्रिकोणी करून मग लाटायची, पदर सुटले पाहिजेत, हे हातानेच होतं. घरापासून लांब राहणारी पोरं मेसवर येतात ती भाजीसाठी कमी आणि मऊ पोळीसाठी जास्त असं मी तरी बघितलंय. शिवाय पूर्ण ऑटोमॅटिक मशीन तासाला शेकड्याने चपात्या काढतं, साठ माणसांसाठी ते फार मोठं आहे, रोज आतून चिकटलेलं पीठ काढून साफ करायला पाऊण तास जाईल तो वेगळाच.

मी तुमच्या जागी असते तर आधी कणीक मळायचं मशीन घेतलं असतं. मावशींचा खांदा लाटण्याने जितका गेला असेल तितकाच रोज दहा-बारा किलो कणीक मळण्याने गेलाय. मळणं मशीनवर गेलं की राहिलेल्या मावशींचा सगळा वेळ आणि जोर लाटायलाच मिळतो. घेताना सिंगल फेजवर चालणारं घ्या, भाड्याच्या जागेत थ्री फेज ओढायला गेलात तर घरमालकापासून महावितरणपर्यंत सगळ्यांची मनधरणी करावी लागते. भांडं स्टीलचं, झाकण उघडलं की मोटर बंद होईल असं. अंबड-सातपूरला स्टीलचं काम करणारे भरपूर आहेत, तिथल्याच कोणाकडून घेतलंत तर दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी येईल, लांबून ऑनलाइन मागवलेल्या मशीनचा पार्ट यायला आठवडे जातात आणि तोवर साठ मुलं उपाशी ठेवता येत नाहीत.

आणि खांदा गेलेल्या मावशींना सोडू नका हो. हिशोब, डब्यांची नोंद, मुलांचे फोन, भाजी निवडणाऱ्या बाईवर लक्ष, यातलं बरंच त्या करू शकतात. इतकी वर्षं त्यांच्या हाताची पोळी खाऊन तुमची मेस उभी राहिली.

प्रश्न : मी मुंबई नाक्याजवळ एका हॉटेलात वेटर आहे, आम्ही एकूण पंचवीस-तीस जण आहोत. मालकाने टॅब आणले, आता एका वेटरला डबल टेबलं. लोक यूपीआयने पैसे भरतात म्हणून टिपही गेली. पगार तेवढाच. आमच्या नोकऱ्या जाणार का?

भाऊ, टॅब आल्याने टेबलं दुप्पट झाली आणि पगार तोच, हा अन्याय आहे आणि तो मालकाला शांतपणे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तुमच्यातले चार जण मिळून जा, एकट्याने जाऊ नका. मागायचं काय ते पण ठरवून जा. पहिलं, टिपसाठी सगळ्या स्टाफचा मिळून वेगळा क्यूआर बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आठवड्याला सगळ्यांसमोर वाटणी, यात भांडी घासणारा पण आला पाहिजे. पुष्कळ लोकांना टिप द्यायची असते, खिशात सुटे नसतात एवढंच, आणि यूपीआय २०१६ ला आल्यापासून तर लोकांनी पाकीट बाळगणंच सोडलं.

दुसरं, पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात, नाव लागलं पाहिजे. तुमच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्यावर तुमच्यासकट घरच्यांचे उपचार होतात, सातपूरला कामगार विम्याचं हॉस्पिटल आहेच. पगाराच्या स्लिपवर ईएसआयचा नंबर आहे का ते आज बघा. आठवड्याची सुट्टी आणि जादा वेळेचे दुप्पट पैसे हे कायद्यातच आहे, त्यासाठी उपकार मानायची गरज नाही.

नोकरीचं म्हणाल तर नुसतं लिहून घेणं आणि बिल आणणं हे काम कमी होणार, ते मी लपवत नाही. पण कुटुंबाला कोणती भाजी लहान मुलाला तिखट लागणार नाही हे सांगणं, टेबलावर वाद झाला तर सांभाळणं, रोजच्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखणं, हे टॅब करत नाही. टॅबमधलं बिलिंग, स्टॉक, रात्रीचा हिशोब सगळं शिकून घ्या. ज्याला हॉल आणि सिस्टिम दोन्ही येतं असा कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) सध्या नाशकात शोधून मिळत नाही, आणि त्याला पगार द्यायला मालक तयार आहेत.

प्रश्न : मी हॉटेल मॅनेजमेंटला शेवटच्या वर्षाला आहे. जपानमध्ये रोबो वेटर आहेत असं वाचलं. आपल्याकडे येतील का?

जपानची गोष्ट खरी आहे. तिथे माणसं कमी पडतात हे फार जुनं दुखणं. १९५८ मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी नावाच्या हॉटेलवाल्याला वाढपी परवडेनात म्हणून त्याने सुशीच्या ताटल्या पट्ट्यावरून फिरवायला सुरुवात केली, कल्पना त्याला बिअरच्या कारखान्यातल्या पट्ट्यावरून सुचली होती. आता तिथली स्कायलार्क ही मोठी रेस्टॉरंट कंपनी मांजराच्या तोंडाचे रोबो वापरते, २०२२ च्या शेवटापर्यंत जवळपास ३,००० आणले. पण तो रोबो ताट टेबलापर्यंत आणतो, टेबलावर ठेवत नाही, ते गिऱ्हाइकाने उचलून घ्यायचं, आणि टेबल पुसायला माणूसच लागतो. त्याला सपाट फरशी आणि रुंद वाट पाहिजे. आपल्या बहुतेक हॉटेलांत मध्ये पायरी, बाजूला बेबी चेअर, खाली पळणारी पोरं, त्यामुळे एवढ्यात तरी मला ते दिसत नाही. सगळं नवं टिकतंच असंही नाही, मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत शंभरावर दुकानांत गाडीतून दिलेली ऑर्डर कॉम्प्युटरने ऐकून घ्यायचा प्रयोग केला होता, ऑर्डरी चुकायला लागल्या आणि २०२४ मध्ये तो थांबवला. तुझ्या पिढीला खरं काम किचनमध्ये आहे, कॉम्बी ओव्हन (वाफेवर आणि कोरड्या उष्णतेवर दोन्ही चालणारा), ब्लास्ट चिलर (गरम अन्न झटकन थंड करणारं मशीन), स्टॉकचा हिशोब. ते शिक.

प्रश्न : तपोवनाकडे आमची शुद्ध शाकाहारी थाळी आहे. २०२७ च्या सिंहस्थाची धास्ती वाटते. आताच माणसं नाहीत, तेव्हा काय करू? एक जण म्हणतो कियॉस्क लाव, एक म्हणतो बाहेरून शंभर पोरं आण.

काका, ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नानं आहेत, म्हणजे तयारीला वेळ आहे, पण तो ऐनवेळी मशीन आणण्यात घालवू नका. कियॉस्कवर स्वतः ऑर्डर करायला सवय लागते, आणि कुंभाला येणारा भाविक खेड्यापाड्यातून, परप्रांतातून, वयस्कर, त्याला स्क्रीनसमोर उभं केलंत तर मागे रांग लागेल. त्या दिवसांत मेनू पाच-सहा पदार्थांवर आणा. खिचडी, पुरी-भाजी, पोहे, वरण-भात, ताक. छापील कुपन, वेगळ्या रंगाचं, एक रंग एक पदार्थ, वाचता न येणाऱ्यालाही कळतं. नेट त्या गर्दीत लटकणार हे गृहीत धरून सुटे पैसे भरपूर ठेवा.

खरा फायदा आहे तो कोल्ड रूम किंवा ब्लास्ट चिलरमध्ये, सामाईक घेतलंत तरी चालेल, शेजारच्या दोन-तीन हॉटेलांनी मिळून. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही रात्रीच्या शांत वेळेत करून झटकन थंड करायची आणि सकाळी फक्त फोडणी. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली, याच्या मधल्या तापमानात काही रेंगाळू द्यायचं नाही, पावसाळी दमट हवेत आणि लाखोंच्या गर्दीत एका पातेल्याने किती लोक आजारी पडू शकतात याचा विचार करा. दोघा-तिघांना एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग आताच करून घ्या.

शंभर पोरं आणू नका, ठेवणार कुठे? पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतात, सातपूर-सिडकोत राहणारा तुमचा माणूस तपोवनात पोहोचूच शकणार नाही. तेव्हा वीस-पंचवीस जणांची चालत येण्याच्या अंतरावर राहायची सोय आताच ठरवून टाका, नंतर खोल्यांची भाडी कुठल्या कुठे जातील. पुढच्या वर्षभरात अप्रेंटिस म्हणून काही मुलं घेऊन ठेवा, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीस किंवा जास्त असतील तर बंधनकारक, आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा भाग, सरकार भरतं. ती मुलं सिंहस्थापर्यंत तुमच्या किचनला सरावलेली असतील. कॉलेजच्या मुलांशी आणि ओळखीतल्या बचत गटांशी पण आताच बोला, पोळ्यांचं काम त्यांना बाहेर देता येईल, दर लिहून ठरवा आणि थोडा ॲडव्हान्स द्या, म्हणजे ऐनवेळी दुसरा कोणी जास्त पैसे देऊन त्यांना पळवणार नाही.